धुरी बंद, धावणं चालू

अगं, बाळ २९व्या आठवड्यातच जन्मलं, त्याची फुफ्फुसं नाजूक, म्हणून इतकी धास्तावू नकोस. माझा लेक २८व्या आठवड्यातला. दोन महिने काचेच्या पेटीत होता, आता नऊ वर्षांचा आहे.

आधी घरातली धुरी बंद कर. न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी हवीच म्हणून सासूबाई अडून बसल्या होत्या. शेवटी डॉक्टरांकडूनच वदवून घेतलं. उदबत्ती, विडी, डासांची कॉइल, सगळंच नको. घरात माग असेल तर बाळाला त्या खोलीत निजवू नकोस, कापसाचे बारीक तंतू उडतात. फुफ्फुसातले वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या, जन्मानंतरही कित्येक वर्षं वाढत असतात, म्हणून एवढं जपायचं.

सहा महिन्यांनंतर फ्लूच्या लशीचं डॉक्टरांना विचार.

आणि मोठा झाला की पळू दे गं त्याला! मी चार वर्षं कडेवरून उतरवलाच नाही, तीच चूक. आता पार्क मैदानावर धावतो, धाप लागली की थांबतो, परत पळतो. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र सकाळी लवकरच. खेळताना शिट्टीसारखा आवाज आला, रात्री खोकला उठला तर दाखवायचं. पाच-सहा वर्षांचा झाला की नळीत फुंकायची तपासणी, स्पायरोमेट्री, जमते.

डिस्चार्ज कार्ड जपून ठेव. ऑक्सिजन किती दिवस लागला, हे पुढे मोठेपणीही डॉक्टर विचारतात.