पिकअप दणके देते? आधी हवा बघा

फोर्डची एफ-२५० ही दणकट पिकअप रिकामी असताना उडते, यात गाडीचा दोष नाही. मागच्या स्प्रिंगचे पाटे भरपूर ओझ्याच्या हिशेबाने बसवलेत. ओझंच नसेल तर ते वाकणार कसे? लगेच सस्पेन्शनचं किट मागवू नका.

आधी टायर. लोड रेंज 'ई'चा, म्हणजे जड ओझ्यासाठीचा, टायर ८० पीएसआयपर्यंत हवा घेतो आणि टायरवाला चारही चाकांत तेवढीच ठोकून मोकळा होतो. मग रस्त्यावरचा प्रत्येक सांधा कंबरेत कळतो. रोज जशी चालवता तशीच गाडी ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर न्या, पुढच्या-मागच्या आक्सलचं वजन वेगवेगळं घ्या आणि टायर कंपनीच्या तक्त्यात त्या वजनाला किती हवा लागते ते बघून तेवढीच ठेवा. मागच्या चाकांत फरक लगेच जाणवेल. मात्र ट्रेलर जोडण्याआधी, टायर थंड असताना, दाराच्या खांबावर कंपनीने लिहिलेल्या आकड्यापर्यंत हवा परत भरायचीच. इथे आळस नको.

त्यानंतर शॉक अ‍ॅब्सॉर्बर. चांगले मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे, घ्या. माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच.

ट्रेलर लावल्यावर गाडी पुढे-मागे डुलत असेल तर हिचवरचा, म्हणजे ट्रेलर जोडायच्या कडीवरचा, भार मोजा. गाडीच्या मागच्या टोकाला जोडायच्या साध्या बंपर-पुल ट्रेलरला तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या, हवा भरायच्या एअर बॅग बसवल्या तर बसलेली शेपटी वर येते, पण गाडीची वजन वाहायची मर्यादा वाढत नाही. दुकानदार काहीही म्हणो. आणि रिकाम्या गाडीतही त्या बॅगांत कंपनीने सांगितलेली किमान हवा ठेवा, नाहीतर त्या चिमटून फाटतात.