रोज चालतो, मग ताकद का कमी होतेय? : वाचकांचे प्रश्न, व्यायामाची उत्तरं

मागच्या अंकात व्यायामाविषयी प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि तुम्ही भरभरून पाठवलेत. बहुतेकांनी वजन कसं कमी करू एवढंच विचारलंय, ताकद कशी वाढवू हे विचारणारे अगदी थोडे. म्हणून सुरुवात ताकदीच्या पत्रानेच करते आणि त्यालाच जास्त जागा देते.

मी ५४ वर्षांची आहे. कित्येक वर्षं रोज सकाळी पाऊण तास चालते, पावसाळ्यातसुद्धा चुकवत नाही. तरी हल्ली पाटावरून उठताना हात टेकावा लागतो आणि लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या मजल्यापर्यंत मांड्या भरून येतात. चालणं वाढवू का? — एक वाचक, ठाणे

ताई, चालणं आहे तेवढंच ठेवा, पण आठवड्यातले दोन दिवस ताकदीच्या व्यायामाला द्या. चालण्याने हृदय, बीपी, शुगर, झोप, मन सगळ्याला फायदा होतो, ते सोडायचं नाहीच. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूंना आपली थोडीशीच ताकद वापरावी लागते, आणि जी ताकद आपण वापरत नाही ती शरीर हळूहळू कमी करत जातं. तिशी-चाळिशीनंतर स्नायू थोडे थोडे घटायला लागतात, साठीनंतर तो वेग वाढतो, बायकांच्या बाबतीत पाळी गेली की हाडांचंही नुकसान जोरात सुरू होतं, आणि हे सगळं रोज न चुकता चालणाऱ्या माणसाच्याही शरीरात चालू असतं हे आपल्याला कुणी सांगतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना बघा, त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, तो तुमचा चालण्यात पुरा होतो. पण त्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम असंही लिहिलंय, आणि ६५ च्या पुढच्यांना तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायामसुद्धा. आपण पहिलं वाक्य लक्षात ठेवतो आणि दुसरं सोडून देतो.

आता करायचं काय. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी घालून तिच्यावरून उठा आणि सावकाश बसा, धपकन नाही. आठ ते बारा वेळा, मग मिनिट-दोन मिनिटं थांबून परत, असं दोन-तीनदा. गुडघ्यात बोचलं तर खुर्चीवर उशी ठेवा म्हणजे कमी वाकावं लागेल, काही आठवड्यांनी उशी काढा, मग जरा बुटकी खुर्ची घ्या, मग हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या किंवा छातीशी पाच किलोची पिशवी धरा. याच्या जोडीला भिंतीला हात टेकवून जोर, ओट्याला धरून टाचा उचलणं आणि पाठ सरळ ठेवून बादली उचलणं. शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटायला पाहिजेत, आरामात बारा व्हायला लागल्या की थोडं अवघड करायचं, हीच यातली मुख्य गोष्ट आहे आणि लोक नेमकी हीच विसरतात, वर्षभर तीच एक किलोची डंबेल हलवत बसतात. श्वास कोंडून धरू नका, उठताना सोडा, विशेषतः बीपी असेल तर. आणि मध्ये किमान एक दिवस सुट्टी.

या वयात ताकद वाढते का असं तुमच्या मनात येणारच, म्हणून सांगते. १९९० मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या लोकांकडून आठ आठवडे मांड्यांसाठी वजनाचे व्यायाम करून घेतले, देखरेखीखाली आणि चांगली जड वजनं. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली, काहीजण काठीशिवाय चालायला लागले. नव्वदीत! तुम्ही तर ५४ च्या आहात.

मुलाने वाढदिवसाला घड्याळ दिलंय, ते रोज दहा हजार पावलं मागतं. माझी सहा-सात हजारच होतात, मग रात्री हॉलमध्ये येरझाऱ्या घालतो. वय ६८. हे बरोबर आहे का? — निवृत्त शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

सर, येरझाऱ्यांनी नुकसान काहीच नाही, पण त्या आकड्याचं ओझं मनावर घेऊ नका. तो आकडा वैद्यकीय अभ्यासातून ठरलेला नाही. १९६४ ला टोकियोत ऑलिम्पिक झालं, जपानमध्ये व्यायामाची हवा तयार झाली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र दहा हजाराच्या आकड्यावर विकायला काढलं, तोच आकडा जगभर पसरला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क बायकांचा मोठा अभ्यास आला, सरासरी वय ७२. त्यात दिवसाला साधारण २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० वाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साधारण साडेसात हजाराच्या पुढे फायदा फारसा वाढताना दिसला नाही. म्हणजे तुम्ही चांगल्या जागी आहात.

तुम्ही शिक्षक म्हणून एक गोष्ट आवडेल तुम्हाला. १९५३ मध्ये जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसवरच्या लोकांचा अभ्यास छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर वर-खाली जिना चढतोय, दोघे एकाच बसवर, एकाच शहरात. हृदयाचा आजार कंडक्टरांमध्ये ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी निघाला. हालचाल आणि हृदय यांचा संबंध इतक्या पद्धतशीरपणे दाखवणारं हे सुरुवातीचं मोठं काम. म्हणून तुम्हाला सुचवते की पावलं वाढवण्यापेक्षा त्यातली थोडी जिन्यावरची करा आणि थोडी जरा झपाट्याने चाला, इतकं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. तुमच्या वयाला एका पायावर उभं राहायचा सरावसुद्धा पाहिजे, जवळ टेबल असू द्या.

मी २९, हिंजवडीत आयटीत. जिम लावली, पहिल्याच दिवशी ट्रेनरने पायांचं एवढं करून घेतलं की चार दिवस कमोडवर बसता येईना. तो म्हणतो दुखल्याशिवाय काही मिळत नाही. पोट कमी करायचंय, रोज शंभर क्रंचेस मारतोय, ट्रेनर प्रोटीन पावडरही घे म्हणतोय, घेऊ का?

मित्रा, नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखणं नॉर्मल आहे, पण ते व्यायाम चांगला झाल्याची पावती नाही. सवय झाल्यावर दुखणं कमी होतं आणि ताकद तरीही वाढतच राहते. चार दिवस नीट बसता येत नाही एवढं पहिल्या दिवशी करून घेणं ही चुकीची सुरुवात आहे, आणि कधी अंग सुजून लघवी कोकाकोलासारखी गडद झाली तर वाट न बघता हॉस्पिटलमध्ये जायचं, त्यात किडनीला धोका असतो. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डीलॉर्म नावाचे अमेरिकन लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांचे गुडघे परत बळकट करत होते, त्यांनी १९४५ मध्ये जी पद्धत मांडली तिचं सार एवढंच की पेलवेल एवढ्या वजनाने सुरू करा आणि ताकद येईल तसं वजन वाढवत न्या. आज जगभरच्या जिम त्याच तत्त्वावर चालतात, तुझ्या ट्रेनरलाही तेच करायला सांग. तो ऐकत नसेल तर ट्रेनर बदल.

शंभर क्रंचेसने पोटाचे स्नायू बळकट होतील, पण चरबी त्याच जागेवरून उतरत नाही, ती अख्ख्या शरीरातून उतरते आणि कुठून आधी उतरणार हे आपण ठरवत नाही. त्यापेक्षा स्क्वॉट, जोर, पाठीकडे ओढायचे व्यायाम, वजन जमिनीवरून उचलणं असे मोठ्या स्नायूंचे व्यायाम आठवड्यात तीन दिवस कर, बाकी दिवस चाल, आणि रात्री अकराला येणारं पार्सल बंद कर, खरा फरक तिथे पडणार आहे. वजनकाट्यापेक्षा कंबर टेपने मोज. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या पुढे गेलं की लक्ष द्यायला हवं असं धरतात, कारण आपल्या लोकांत वजन कमी असलं तरी पोटाची चरबी त्रास देते.

पावडर वाईट नाही, ती बहुतेक वेळा दुधापासूनच बनते, पण आधी ताटात बघ. आयसीएमआर म्हणजे आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशोबाने साध्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, वजनं उचलणाऱ्याला १.२ ते १.६ पर्यंत धर. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ७८ ते १०४ ग्रॅम. आणि आपलं वाटीभर वरण देतं पाच-सहा ग्रॅम! त्यामुळे वरण-भातावर ते भागत नाही, घट्ट उसळ, दही, अंडी (एकात सहा ग्रॅम), पनीर (१०० ग्रॅममध्ये साधारण १८), सोया चंक्स (कोरडे ५० ग्रॅम घेतले तर २५ च्या आसपास), मासे-चिकन चालत असेल तर ते, असं दिवसभरात वाटून घे. तरी कमी पडलं तर एक स्कूप घे. किडनीचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मी रोज २५ सूर्यनमस्कार घालते. एवढं पुरेसं आहे का? — वाचक, सातारा

साताऱ्याहून हा प्रश्न यावा याचा फार आनंद झाला, कारण सूर्यनमस्कार घराघरात आणि शाळाशाळांत नेणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी तुमच्याच जिल्ह्यातले. त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले, स्वतःही नेमाने घालायचे. व्यायाम उत्तमच आहे, छाती, खांदे, पाठीचा कणा, मांड्यांची मागची बाजू, सगळं हलतं, जरा वेगात घातले तर दमही लागतो. दोन गोष्टी मात्र राहतात. एक म्हणजे यात ढकलणं आहे, ओढणं नाही, म्हणजे पाठीच्या वरच्या भागाला आणि हाताच्या पकडीला काम कमी मिळतं. त्यासाठी रबरी बँड दाराला अडकवून स्वतःकडे ओढा, किंवा कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून भरलेली पिशवी पोटाकडे ओढा. दुसरं म्हणजे वजन तुमचं तुमचंच, ते वाढत नाही, मग शरीराला सवय होऊन जाते. २५ चे ५० करण्याऐवजी १५ सावकाश घाला आणि उरलेल्या वेळात बैठका. तालमीत आपल्याकडे जोर आणि बैठका पूर्वीपासून जोडीनेच मारत आले आहेत.

मधुमेह आहे, वय ६१, गोळ्या चालू. जेवणानंतर शतपावलीने खरंच फरक पडतो का? — सोलापूर

पडतो काका, आणि लगेच पडतो. स्नायू काम करतात तेव्हा ते इन्सुलिनची वाट न बघताही रक्तातली साखर आत ओढून घेतात, त्यामुळे जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चाललं तरी जेवणानंतर चढणारी शुगर कमी चढते. रात्रीचं जेवण मोठं असतं, तेव्हा तर नक्कीच चाला. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने शुगर अचानक खाली जाऊ शकते, तुमची गोळी त्यातली आहे का हे डॉक्टरांना विचारून घ्या आणि खिशात साखरेची पुडी ठेवा. चप्पल नको, बूट-मोजे घाला, रात्री तळपायाला जखम नाही ना ते बघा. चालताना छातीत दाब आला, हातात किंवा जबड्यात कळ गेली, घाम फुटला तर थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा, गॅस झाला असेल म्हणत घरी बसायचं नाही.

घाम येण्यासाठी प्लास्टिकचं जॅकेट घालून पळतो, एक किलो उतरतो. चालू ठेवू का? — कल्याण

नको. ते पाणी आहे, दोन तांबे प्यायलात की परत येतं. आपल्या दमट हवेत त्याने उष्माघात होऊ शकतो. आजच बंद करा.

घरात सासू-सासरे, दोन मुलं, नोकरी. सकाळी पाचला उठते, रात्री अकराला आडवी होते. घरकाम हाच माझा व्यायाम असं नवरा म्हणतो. खरं आहे का? — वाचक, नाशिक

अर्धं खरं आहे. झाडणं, पुसणं, जिने, बाजाराच्या पिशव्या ही हालचाल धरली जाते, आणि सलग दहा मिनिटं केलं तरच मोजायचं ही जुनी अट २०२० च्या सूचनांत काढून टाकली आहे, तुकड्या-तुकड्यांनी केलेलंही चालतं. पण घरकामात तुम्ही तासन्‌तास ओट्याशी उभ्या असता, तेच ते पुढे वाकणं असतं, दम लागेल असं सलग काही नसतं आणि जोर हळूहळू वाढत नाही. शिवाय तुम्ही झोपता जेमतेम सहा तास, आणि मोठ्या माणसाला सात तरी हवेत. त्यामुळे मी तुम्हाला पहाटे साडेचारला उठून व्यायाम करा असं अजिबात सांगणार नाही, झोप कापून केलेला व्यायाम तुमच्या अंगी लागणार नाही.

आठवड्यातले दोन दिवस प्रत्येकी वीस मिनिटं घरातल्या कुणीतरी तुमचं काम उचलायला हवं, रात्रीची भांडी नवऱ्याने घासली तरी ती वीस मिनिटं निघतात. हे पत्र त्यांना वाचायला द्या. त्या वेळात ठाण्याच्या ताईंना सांगितलेल्याच चार गोष्टी, खुर्ची, भिंत, टाचा, बादली. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलल्या तर त्या आणखी वेगळ्या. पहिले दोन आठवडे सगळं हलकंच ठेवा, तिसऱ्यापासून थोडं थोडं वाढवा, आणि महिन्याने कसं वाटतंय ते कळवा, पुढच्या अंकात तुमच्यासाठी पुढचा टप्पा देते.