पहिली-दुसरीच्या मुलांकडून सणासाठी सुबक आणि सारख्या दिसणाऱ्या भेटवस्तू कशा बनवून घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की वर्गात चाळीसेक मुलं आहेत, सुट्टी लागण्याआधी प्रत्येकाने घरच्यांसाठी हाताने बनवलेली एक वस्तू न्यायची आहे, हाताशी दोनच तासिका आहेत आणि सगळ्यांच्या वस्तू "नीट आणि साधारण सारख्या" दिसायला हव्यात. कल्पना सुचवते, पण आधी त्या शेवटच्या अटीबद्दल बोलू द्या. सहा-सात वर्षांच्या चाळीस मुलांच्या वस्तू सारख्या दिसत असतील, तर त्या बाईंनी बनवलेल्या असतात. मुलं फक्त घरी घेऊन जातात.

मी पहिली-दुसरीलाच शिकवत आले आहे, आणि याच मुद्द्यावरून माझं एका ज्येष्ठ बाईंशी जे वाजलं ते अजून मनातून गेलेलं नाही. सुट्टीआधीचे दिवस होते. शुभेच्छापत्रं करायची होती: कार्डपेपर मधोमध दुमडायचा, घोटीव कागदाचा पक्षी कापून वर चिकटवायचा, आत दोन ओळी लिहायच्या. माझ्या वर्गात एक डावखुरा मुलगा होता. चित्रात हुशार, पण कात्री हातात आली की रडकुंडीला यायचा. त्या दिवशी मात्र जिद्दीने बसला. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या, चोच जरा जास्तच छाटली गेली, आणि एक पंख दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. मी विचारलं तर म्हणाला, "तो पंख आपल्याकडे आलाय ना, म्हणून मोठा दिसतोय." जवळची वस्तू मोठी दिसते हे त्या पोराने आपलं आपण बघून ठेवलं होतं. या वयाची बहुतेक मुलं माणूस म्हणजे असा, घर म्हणजे असं, असे ठरलेले आकार काढतात. तिथे हा मुलगा डोळ्यांनी पाहिलेलं कागदात कापत होता.

मधल्या सुट्टीत त्या बाई माझ्या वर्गात आल्या. कार्डं पालकसभेला मांडायची होती, म्हणून त्यांनी ती एकेक करून चाळली आणि मोठी कात्री घेऊन बसल्या. मी परत आले तोवर त्या पक्ष्याचे दोन्ही पंख बरोबर एका मापाचे झाले होते, कडा गुळगुळीत, चोचीवर नवा तुकडा. मुलं आत आली, आपापली कार्डं उचलू लागली. त्याने कार्ड उलटसुलट केलं, मागे पेन्सिलीने लिहिलेलं स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाला, "बाई, हे माझं नाहीये. माझं नाव कुणीतरी दुसऱ्याच्या कार्डावर टाकलंय." आतल्या ओळी लिहायला त्याने साफ नकार दिला. दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसून राहिला.

स्टाफरूममध्ये मी विषय काढला तर बाई म्हणाल्या, "अगं, त्याच्या आईला बरं वाटावं म्हणूनच केलं ना! ते कार्ड बघून पालक म्हणतील, शाळेत शिकवतात तरी काय?" मी म्हटलं, आईला बरं वाटायचं असेल तर मुलाच्या हातचं मिळू द्या. तुमच्या हातचं कार्ड तिला कशाला हवंय? त्यावर "तू नवीन आहेस" हे उत्तर मिळालं. आता मी नवीन नाही, आणि माझं मत तेच आहे.

खरं तर दोष त्या मुलाच्या हाताचा नव्हताच, कात्रीचा होता. नेहमीची कात्री उजव्या हातासाठी घडवलेली असते. उजव्या हाताने धरली की अंगठ्याचा आणि बोटांचा जोर पाती एकमेकांवर दाबतो. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच जोर पाती एकमेकांपासून लांब ढकलतो, मग कागद कापला न जाता पात्यांमध्ये दुमडतो. शिवाय वरचं पातं नेमकं आखलेल्या रेघेवर येतं, म्हणजे मूल आंधळेपणाने कापत असतं. डावखुऱ्यांच्या कात्रीत पातीच उलट बसवलेली असतात. "दोन्ही हातांना चालते" म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक कात्र्यांची फक्त मूठ सारखी असते, पाती उजव्यांचीच. त्याला भुलू नका. मी डाव्या हाताची कात्री मिळवून दिली, आणि गोल कापताना कागद घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कापत जा म्हणून सांगितलं (उजव्या हाताच्या मुलांची दिशा याच्या उलट). कडा पहिल्याच दिवशी सुधारल्या. पंख मात्र तो लहान-मोठेच कापत राहिला, आणि मला तेच हवं होतं.

साधारण दहातलं एक माणूस डावखुरं असतं. म्हणजे तुमच्या चाळीसांत तीन-चार असणारच.

आता त्या बाईंचा दुसरा मुद्दा, की शिस्त लागायला नमुन्याबरहुकूमच करून घ्यायला हवं. हे भांडण आमच्या स्टाफरूमपेक्षा फार जुनं आहे. फ्रेडरिक फ्रोबेलने 1837 साली जर्मनीत ब्लँकेनबुर्गला लहान मुलांसाठी जी संस्था काढली, तिथून कागदाच्या घड्या, कातरकाम, पट्ट्यांचं विणकाम हे सगळं बालशिक्षणात आलं. पुढे त्याच्या अनुयायांनी त्याचीच कवायत केली, बाईंनी एक घडी घालायची आणि सगळ्यांनी तीच घालायची. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईने या नकलेवर नेमकं बोट ठेवलं. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउसच्या प्रयत्नांतून 1866 साली हस्तकला हा प्राथमिक शाळेचा सक्तीचा विषय झाला, तो मुलांचे हात आणि डोकं बरोबरीने घडावं म्हणून. पालकसभेला टेबल सजवणं हा त्यामागचा हेतू नव्हता.

आणि बक्षिसं तर अजिबात ठेवू नका. आमच्याकडे "सर्वांत सुंदर भेटकार्ड" असं बक्षीस असायचं, त्यासाठी मी दरवर्षी वाद घातलाय. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्र काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं होतं, चित्र काढलंत तर फीत लावलेलं छानसं प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांनी चित्रं काढण्यात बाकीच्यांपेक्षा कमी वेळ घालवला. ज्यांना आधी न सांगता प्रमाणपत्र दिलं, त्यांची आवड टिकून होती. भेटवस्तू तर दुसऱ्याला द्यायची वस्तू, तिला पहिला-दुसरा क्रमांक कसला?

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर म्हणून मी ठसेकामाचं कार्ड सुचवेन. स्पंजचे तुकडे, बाटल्यांची बुचं, दोऱ्याची रिकामी रिळं. रंग ताटलीत ओतू नका, ओल्या स्पंजवर पसरून द्या, म्हणजे ठसा फिसकटत नाही. पहिल्या तासिकेत फक्त ठसे, मग वाळू द्या. दुसऱ्या तासिकेत कातरकाम, चिकटकाम आणि आतला मजकूर. दोन्ही एकाच दिवशी ठेवलंत तर ओल्या रंगावर फेव्हिकॉल जाऊन सगळा लगदा होईल. घोटीव कागदापेक्षा जरा जाड कागद द्या, लहान हातांना पातळ कागद कापणं जास्त अवघड जातं. कात्री एका जागी ठेवून दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा, हे आधी करून दाखवा.

नमुना दाखवायचाच तर एकमेकांपासून वेगळे असे तीन दाखवा आणि लगेच कपाटात ठेवून द्या. एकच नमुना फळ्याला टांगला की चाळीस नकला होणार. सारखेपणा हवाच असेल तर तो कार्डाच्या मापात, बाहेरच्या रंगात आणि मागे चिकटवायच्या पट्टीत आणा. ती तयारी तुम्ही करा: घडीची रेघ दाबून ठेवा, भोकं पाडून ठेवा. मोठ्यांनी जे करायचं ते मुलांच्या आधी करायचं. मुलाने वस्तू बनवली की तिला हात लावायचा नाही. आणि मजकूर फळ्यावरून उतरवून घेऊ नका. ज्याला लिहिता येत नाही त्याला तोंडाने सांगू द्या आणि तो म्हणेल तसंच, त्याच्याच शब्दांत, तुम्ही लिहा. घरी वर्षानुवर्षं जपून ठेवतात ते हे वाक्य.

कार्डावर "प्रिय आई-बाबांस" छापून आणू नका. कुणाची आई नसते, कुणाचे वडील वेगळे राहतात, कुणी मावशीकडे वाढतं. "कुणासाठी करतोयस?" एवढंच विचारा आणि मिळेल ते नाव घाला. एकाला दोन कार्डं करायची असली तर करू द्या.

काही गोष्टी राहिल्या. ज्या मुलांच्या बोटांत जोर कमी आहे, त्यांना मदत लागतेच. अशा वेळी कागद तुम्ही धरा, कात्री त्यांच्या हातात राहू द्या. ग्लू गन या वयाच्या मुलांच्या हातात देऊ नका. चमकी टाळा, युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिकच्या चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर 2023 पासून बंदी आणली ती सूक्ष्म प्लास्टिकमुळे, आणि वर्गात ती डोळ्यांत जाते ते वेगळंच. चाळीस मुलांना एकट्या बाई पुरणार नाहीत, हेही मला मान्य आहे. दोन पालकांना बोलवा, पण दारातच सांगा की वाटप आणि पुसापुशी त्यांची, कातरकाम मुलांचं.

आणि कुणी पालकांनी विचारलंच, की शाळेत हेच शिकवतात का, तर मुलाला बोलावून त्याच्यासमोर विचारा, "हे असं का केलंस?" मला त्या बाईंसमोर तेव्हा ही संधी मिळाली नाही. पंखाचं उत्तर त्या मुलाकडे तयार होतं, आणि ते त्यांनी ऐकायला हवं होतं.