चौथ्या फोटोबद्दल

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

सिएटलहून पाठवलेले माउंट रेनियरचे फोटो पाहिले. चौथ्यावरून नजर हलेना. फर झाडाच्या शेंड्यावर लोंबणारा तो थेंब, मागे अर्धाच डोंगर. तू तिथे भिजत उभी होतीस हे कळतं. शेवटच्या दोघांत मात्र धुकं तू घरी बसून चढवलंयस. ते खटकलं.

तुझ्या या डोंगरावर शंभर वर्षांपूर्वी डॉ. क्यो कोइके कॅमेरा घेऊन जात. जपानहून आलेले, सिएटलमध्ये डॉक्टरकी करणारे. १९२४ साली त्यांनी आपल्या देशबांधवांबरोबर सिएटल कॅमेरा क्लब काढला. क्लबच्या पत्रिकेचं नाव 'नोतान', म्हणजे उजेड आणि काळोखाचा मेळ. मजकूर जपानी आणि इंग्रजी, दोन्हींत. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेने जपानी लोकांना दार लावून घेतलं. आधी आलेल्यांना नागरिकत्व नव्हतंच. तरीही हा माणूस त्याच देशाचा डोंगर जीव लावून टिपत राहिला. मला हे आजही गलबलून टाकतं.

ही मंडळी पिक्टोरियलिस्ट. फोटो चित्रासारखा घडवायचा, कडा मऊ ठेवायच्या, छापताना डार्करूममध्ये रात्री घालवायच्या. पण जपानी चित्रकलेतली रिकामी जागा त्यांच्या हाडीमाशी होती. काय झाकलं जाऊ द्यायचं, हे ते कॅमेऱ्यामागे उभे असतानाच ठरवत. तू आधी सगळं टिपतेस आणि मग पुसतेस. फरक तिथे आहे.

जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर अमेरिकेतल्या जपानी लोकांकडचे कॅमेरे काढून घेतले गेले. १९४२ मध्ये कोइके आणि त्यांचे सोबती फ्रँक कुनिशिगे यांना आयडाहो राज्यातल्या मिनिडोका इथल्या, जपानी लोकांना डांबून ठेवणाऱ्या छावणीत नेलं. १९४७ साली कोइके वारले. जपानी स्थलांतरितांना नागरिकत्व खुलं झालं ते १९५२ मध्ये.

तू लिहिलंस, "हा प्रदेश माझा नाही, मी काय टिपणार?" वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोइकेंचे फोटो जपलेले आहेत. वेळ घेऊन जा, तासभर बघ, आणि हा प्रश्न तिथे स्वतःला विचार.

मग चौथ्या फोटोच्या जागी परत जा. मी सिंहगडाच्या एका वळणावर तीन पावसाळे काढले, तेव्हा कुठे एक फोटो हाती लागला. रेनकोट घे, लेन्स पुसायला सुती फडकं घे. आणि त्या चौथ्याची मूळ फाइल मला पाठव, काहीही न करता.

तुझा,
सर