दर दोन महिन्यांनी जंताचं औषध पाजूनही घोडी वाळत चालली आहे. औषध बनावट असेल का? डोस वाढवू का?

तुम्ही लिहिलंय की पाचगणीला टेबललँडवर फिरवायला सहा घोडे आहेत, सगळ्यांना ठरल्या तारखेला फेनबेन्डाझोल पाजता, तरी एक घोडी खंगतेय. मी वाईकडे जनावरांवर उपचार करतो. औषध बनावट असण्यापेक्षा जंतच त्याला दाद देत नसण्याची शक्यता मला जास्त वाटते. डोस वाढवू नका. अल्बेन्डाझोलही आणू नका; ते त्याच गटातलं आहे, एकाला न मरणारा जंत दुसऱ्यानेही मरत नाही.

दर दोन महिन्यांनी पाजायची पद्धत १९६६ च्या सुमारास अमेरिकेतून आली. आतड्याच्या रक्तवाहिन्या बिघडवणाऱ्या मोठ्या स्ट्राँगाइल जंतासाठी ती होती, आणि तो खरोखर आटोक्यात आला. पण लहान स्ट्राँगाइल शिल्लक राहिले. प्रत्येक डोसला कच्चे मेले, चिवट तगले आणि त्यांचीच वीण वाढली. आज फेनबेन्डाझोलच्या गटाला ते जगभर पुरून उरतात. आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या गटातल्या जंतनाशकानंतर पूर्वी आठ-दहा आठवडे लिदीत अंडी दिसत नसत. आता बऱ्याच ठिकाणी चार-पाच आठवड्यांतच दिसू लागतात. म्हणून हे औषध जपून वापरायला हवं, याबद्दल मी आग्रही आहे.

आता लीद तपासा. प्रत्येक घोड्याची ताजी लीद वेगळ्या पिशवीत, हवा काढून, थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. उन्हात राहिली तर अंडी फुटतात आणि मोजणी चुकते. तालुक्याच्या दवाखान्यात विचारा, नाहीतर शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. एक ग्रॅम लिदीत किती अंडी, ते मोजून घ्या. औषध दिल्यावर चौदा दिवसांनी पुन्हा मोजा. फेनबेन्डाझोलने अंडी ९० टक्क्यांहून कमी घटली, तर तुमच्या पागेत ते निकामी झालंय असं धरा.

मोजणीत बहुधा दिसेल की एक-दोन घोडेच बहुतेक अंडी टाकतात. मोठ्या घोड्यांपैकी औषध मुख्यतः त्यांनाच द्यायचं. बाकीच्यांच्या पोटात औषध न लागलेले जंत राहिले, तर चिवट जंतांचीच वीण होत नाही. शिंगरांना हा नियम लावू नका. त्यांच्यातला मोठा गोल जंत बऱ्याच देशांत आयव्हरमेक्टिनला जुमानत नाही, म्हणून त्यांचं औषध डॉक्टरांकडून वेगळं ठरवून घ्या.

वजन अंदाजाने धरू नका, कमी डोस हे चिवट जंतांना खतपाणीच. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११८७७ ने भागा. घेर १४५ आणि लांबी १३५ असेल तर साधारण २४० किलो. आणि गाईम्हशींचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका, टोचलेल्या जागी जिवावर बेतणारा संसर्ग होऊ शकतो. घोड्याची पेस्ट तोंडातूनच द्यावी.

पावसाळ्यात घोडे मोकळे चरतात आणि दमट हवेत अळ्या झपाट्याने तयार होतात. तेव्हा आठवड्यातून दोनदा चराईची लीद उचला. औषधाचा निम्मा खर्च त्यानेच वाचेल असं माझं मत आहे. ताजी लीद कुरणात पसरू नका, खड्ड्यात कुजू द्या.

एवढं करून अंडी कमीच निघाली, तर घोडीचे दात पाहून घ्या आणि सर्रासाठी, म्हणजे रक्तातल्या परजीवीमुळे होणाऱ्या रोगासाठी, रक्त तपासा. मात्र अचानक पातळ हगवण लागून ती झपाट्याने उतरली, तर मोजणीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या एकदम बाहेर पडल्या तर घोडा दगावतो, आणि त्या वेळी लिदीत एकही अंडं नसू शकतं.