काउंटीच्या दप्तरातलं मृत्युपत्र : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे थोरले बंधू तीस वर्षं न्यू जर्सीत होते, पत्ता प्रिन्स्टनचा. गेल्या वर्षी फिलाडेल्फियातल्या इस्पितळात ते वारले. मृत्युपत्र केलं होतं असं वहिनी म्हणतात, पण कागद आम्ही कुणी पाहिलेला नाही. पुण्यातला एक फ्लॅटही त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. फिलाडेल्फियाला लिहिलं, तर 'या नावाचं प्रकरण आमच्याकडे नाही' असं उत्तर आलं. आता कुठे विचारायचं? (सांगली)

उत्तर : त्यांनी खरं तेच सांगितलं, फक्त तुम्ही दार चुकलात. अमेरिकेत प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करून घेणं, हा राज्याच्या कायद्याचा विषय आहे आणि त्याचे कागद बहुतेक राज्यांत काउंटीत, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या पातळीवर राहतात. काउंटी ठरते ती माणूस वारला त्या जागेवरून नाही, तर वारला तेव्हा त्याचं कायमचं घर कुठे होतं त्यावरून. बंधूंचं घर न्यू जर्सीत होतं, तेव्हा फिलाडेल्फियाचा संबंध इस्पितळापुरताच.

प्रिन्स्टनचा पत्ता मात्र फसवा आहे. पोस्टाच्या पत्त्यात 'प्रिन्स्टन' लिहिलेली घरं मर्सर, मिडलसेक्स आणि सॉमरसेट अशा तीन काउंट्यांत विखुरलेली आहेत. मृत्यूच्या दाखल्याची प्रत हाताशी असेल तर तीत दोन वेगळे रकाने बघा: मृत्यू कुठल्या काउंटीत झाला आणि राहण्याची काउंटी कुठली. तुम्हाला दुसरा हवा. दाखला नसेल तर घरपट्टीच्या बिलावरचं टाउनशिपचं नाव पुरतं. प्लेन्सबरो किंवा साउथ ब्रन्सविक असेल तर मिडलसेक्स, वेस्ट विंडसर असेल तर मर्सर, मॉन्टगोमेरी असेल तर सॉमरसेट. त्यांची मुख्य ठाणी अनुक्रमे न्यू ब्रन्सविक, ट्रेंटन आणि सॉमरव्हिल.

न्यू जर्सीच्या 21 काउंट्यांपैकी प्रत्येकीत 'सरोगेट' नावाचा निवडून आलेला अधिकारी असतो आणि मृत्युपत्रं त्याच्याकडे दाखल होतात. (सरोगसीशी याचा काही संबंध नाही, पूर्वी धर्माधिकाऱ्याच्या वतीने हे काम पाहणारा, म्हणून सरोगेट.) हेच काम न्यू यॉर्कमध्ये सरोगेट्स कोर्ट करतं, पेनसिल्व्हेनियात रजिस्टर ऑफ विल्स, कॅलिफोर्नियात सुपीरियर कोर्ट, टेक्सासात बहुतेक ठिकाणी काउंटी क्लार्क. न्यू यॉर्क शहरात आणखी एक गोम आहे. तिथला प्रत्येक बरो, म्हणजे शहराचा विभाग, ही स्वतंत्र काउंटी आहे आणि कोर्टाच्या दप्तरात ब्रुकलिन 'किंग्ज' असतं, स्टेटन आयलंड 'रिचमंड' आणि मॅनहॅटन 'न्यू यॉर्क काउंटी'.

काउंटी कळली की पत्र लिहिण्याआधी निर्देशांक, म्हणजे इंडेक्स चाळा. बऱ्याच काउंट्यांचा तो त्यांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. शोध आडनावावर चालतो, आणि मराठी नावं इथेच हरवतात. चव्हाण, वैद्य, देशपांडे यांची रोमन स्पेलिंगं तीन-तीन प्रकारे होतात. 'व'साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही टाकून पाहा, शेवटी जादा ए किंवा वाय लावून पाहा. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून नोंदलं गेलेलं असतं, पण कधी तेच आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. नागरिकत्व घेताना नाव छोटं करून घेतलेलं असेल तर तेही चालवून पाहा. पासपोर्टवर एकच नाव असलेल्या माणसाच्या पहिल्या नावाच्या जागी कधी कधी 'एफएनयू' अशी अक्षरं दिसतात. ते कुणाचं नाव नव्हे, 'पहिलं नाव माहीत नाही' अशी ती खूण आहे. नोंद सापडली की तिच्यासमोरचा डॉकेट नंबर, म्हणजे प्रकरणाचा क्रमांक, जसाच्या तसा उतरवून घ्या, मधल्या रेघा आणि अक्षरांसकट.

आता पत्र. 'माझ्या भावाचे सगळे कागद पाठवा' असं लिहिलंत तर पानं मोजून शुल्क कळवणारं उत्तर येईल आणि महिना तिथेच जाईल. काय हवं ते नाव घेऊन मागा: दाखल झालेलं मृत्युपत्र, त्याला जोडलेली कोडिसिल म्हणजे पुरवणी असल्यास ती, प्रोबेट मंजुरीचा आदेश आणि एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याला, दिलेलं अधिकारपत्र (लेटर्स टेस्टामेंटरी). नुसतं 'प्रोबेटचं सर्टिफिकेट' म्हणू नका. न्यू जर्सीत त्याचा अर्थ 'शॉर्ट सर्टिफिकेट' असा घेतला जातो. तो बँकेत दाखवायचा एका पानाचा दाखला असतो; एक्झिक्युटर कोण एवढंच तो सांगतो, मृत्युपत्रातली एक ओळही त्यात नसते. पत्रात बंधूंचं पूर्ण नाव आणि इतर स्पेलिंगं, मृत्यूची तारीख, शेवटचा पत्ता, डॉकेट नंबर, तुमचं नातं आणि ईमेल घाला. दाखल झालेलं मृत्युपत्र सार्वजनिक असतं, त्यामुळे नातं सिद्ध करायची गरज सहसा पडत नाही.

मिळकतीची यादी त्या फायलीत सापडेल ही आशा ठेवू नका. न्यू जर्सीत साध्या प्रकरणात ती कोर्टात द्यावी लागत नाही.

पैशांपाशी पुष्कळ अर्ज अडतात. रुपयांतला डीडी किंवा भारतीय बँकेचा चेक तिथे वटत नाही. अमेरिकन बँकेचा चेक, मनीऑर्डर किंवा जिथे घेत असतील तिथे कार्ड, एवढेच मार्ग. परतीच्या पाकिटावर आपली तिकिटं लावून उपयोग नाही, तीही तिकडचीच हवीत. तिथे भाचा-पुतण्या असेल तर चेक आणि पाकीट त्याच्याकडून जाऊ द्या. वाचायची प्रत मात्र ईमेलवर मागा.

दर राज्याराज्यांत इतके वेगळे आहेत की एकीकडचा आकडा दुसरीकडे धरू नये. न्यू यॉर्कच्या सरोगेट्स कोर्टात प्रमाणित प्रतीला पानामागे 6 डॉलर पडतात आणि नंबर नसताना नुसता शोध घ्यायला लावला तर 25 वर्षांच्या आतल्या नोंदीसाठी 30 डॉलर, त्याहून जुन्यासाठी 90. कॅलिफोर्नियात साधी प्रत पानाला 50 सेंट आणि प्रमाणपत्राचे 40 डॉलर वेगळे. नंबर आधी शोधून ठेवा म्हणतो ते यासाठी.

प्रतीही तीन तऱ्हेच्या असतात. साधी प्रत वाचायला. प्रमाणित प्रतीवर क्लार्कची सही आणि शिक्का असतो, बरेचदा बोटाला लागणारा उठावाचा. तिसरी 'एक्झेंप्लिफाइड' प्रत. तिच्यात क्लार्क प्रमाणित करतो, ती सही त्याच क्लार्कची असल्याचं न्यायाधीश लिहून देतो आणि न्यायाधीश खरा असल्याचं पुन्हा क्लार्क. वाचताना गंमत वाटते, पण परराज्यात आणि परदेशात वजन हिलाच असतं.

पुण्याच्या फ्लॅटसाठी साधी प्रत चालणार नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 228 खाली परदेशी कोर्टात सिद्ध झालेल्या मृत्युपत्राची रीतसर अधिप्रमाणित प्रत हजर केली, तर तीच जोडून इथलं कोर्ट मिळकतीचा कारभार पाहण्याचं अधिकारपत्र, म्हणजे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन देऊ शकतं. त्या प्रतीवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी दाखला, लागेल. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात 2005 पासून आहे. अपोस्टिल काउंटी देत नाही, राज्य देतं. न्यू जर्सीत ते काम राज्याच्या ट्रेझरी खात्याकडे आहे. प्रत कुठली लागेल हे पुण्यातल्या वकिलांना आधी विचारा आणि एकदाच मागवा. आणि प्रत हातात आली की झेरॉक्ससाठी तिची पिन काढू नका. कोपऱ्याला पिनेची दुसरी भोकं दिसली की पान बदललं असावं असा संशय येतो आणि अपोस्टिलच्या खिडकीवर कागद परत येतो.

शेवटचं, पण मुदतीचं. प्रोबेट झाल्यावर 60 दिवसांच्या आत एक्झिक्युटरने मृत्युपत्रातल्या लाभार्थींना आणि जवळच्या वारसांना सूचना पाठवायची असते. प्रोबेटला आव्हान द्यायचं तर न्यू जर्सीत राहणाऱ्याला चार महिने आणि बाहेरच्याला सहा. 'गेल्या वर्षी' म्हणता, तेव्हा मंजुरीच्या आदेशावरची तारीख सगळ्यात आधी बघा आणि मनात काही शंका असेल तर तिकडच्या वकिलाशी त्याच आठवड्यात बोला.

प्रश्न : काका सनीवेलला (कॅलिफोर्निया) होते. घर, गुंतवणूक सगळं होतं. सांता क्लारा काउंटीच्या कोर्टात तीन वेळा शोधलं, फाइलच नाही. कुणी लपवली असेल का? (ठाणे)

उत्तर : लपवलेली नसेल, उघडलीच गेली नसेल. कॅलिफोर्नियात प्रोबेट वेळखाऊ आणि खर्चिक, म्हणून घरदार असलेली माणसं हयातीतच लिव्हिंग ट्रस्ट, म्हणजे मिळकत सांभाळणारा खासगी न्यास, करून घर त्याच्या नावावर चढवतात. मग मालक कोर्टाच्या दृष्टीने मरतच नाही. याखेरीज संयुक्त नावाची खाती, नॉमिनी दिलेला विमा आणि निवृत्तीची खाती कोर्टाबाहेर परस्पर जातात. उरलेली इस्टेट छोटी असेल तर मृत्यूनंतर 40 दिवसांनी नुसत्या प्रतिज्ञापत्रावर काम भागतं. 1 एप्रिल 2025 पासूनच्या मृत्यूंसाठी ही मर्यादा 2,08,850 डॉलर आहे, त्याआधीच्या तीन वर्षांत ती 1,84,500 होती.

तरीही दोन जागा तपासा. प्रकरण उघडो वा न उघडो, ज्याच्या ताब्यात मूळ मृत्युपत्र आहे त्याने मृत्यू कळल्यापासून 30 दिवसांत ते सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे जमा करायचं असतं. अशी नुसती जमा मृत्युपत्रं प्रकरणांच्या यादीत दिसतीलच असं नाही. क्लार्कला 'प्रकरण आहे का' असं न विचारता 'या नावाचं विल लॉज झालं आहे का' असं विचारा. त्यात 'उरलेलं सगळं अमुक ट्रस्टमध्ये टाकावं' अशी ओळ सापडली तर ट्रस्टचं नाव आणि तारीख हाती लागते.

दुसरी जागा काउंटीच्या रेकॉर्डरची. ते कोर्ट नव्हे, दस्तनोंदणी. देणारा-घेणारा अशा इंडेक्समध्ये काकांचं नाव दोन्ही बाजूंनी शोधा. घर ट्रस्टला दिल्याचा दस्त किंवा ट्रस्टी वारल्याचं प्रतिज्ञापत्र तिथे मिळतं आणि पुढचा ट्रस्टी कोण हेही कळतं. ट्रस्टचा मजकूर सार्वजनिक नाही. पण ट्रस्ट करणारा वारल्यावर ट्रस्टीने 60 दिवसांत लाभार्थींना आणि कायदेशीर वारसांना सूचना धाडायची असते. ती मिळालेल्याला ट्रस्टची प्रत मागता येते आणि आव्हानाला साधारण 120 दिवस असतात. काकांना मुलं असतील तर पुतण्या कायदेशीर वारसांत बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : डॉ. आनंदीबाई जोशींना आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाविषयी टिपणं काढतो आहे. त्या घरातलं एखादं मृत्युपत्र इथे बसून मिळेल का? (कल्याण)

उत्तर : मिळू शकेल, आणि या शोधाला पैसेही फार लागणार नाहीत. 1883 मध्ये आनंदीबाई उतरल्या ते रोझेलचं घर न्यू जर्सीच्या युनियन काउंटीत येतं. त्यांच्या अस्थी मात्र न्यू यॉर्क राज्यात, पोकीप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटरांच्या जागेत आहेत आणि ती डचेस काउंटी. म्हणजे दोन राज्यं, दोन दप्तरं. कुटुंबातली व्यक्ती शेवटी कुठे राहत होती हे कळेपर्यंत दोन्ही चाळा. युनियन काउंटी 1857 मध्ये एसेक्समधून वेगळी झाली, त्यामुळे त्याआधीच्या पिढीसाठी नेवार्कचं एसेक्स दप्तर बघावं लागेल. जुन्या शोधात जागा न हलता काउंटी बदलते, ती अशी.

न्यू जर्सीची 1900 पर्यंतची मूळ मृत्युपत्रं ट्रेंटनच्या राज्य अभिलेखागारात आहेत. काउंटीत वह्यांमध्ये उतरवलेल्या नकला असतात. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर दोन्ही राज्यांच्या प्रोबेट वह्यांची छायाचित्रं खातं उघडून फुकट बघता येतात. नावाच्या शोधात काही आलं नाही म्हणून सोडू नका. कॅटलॉगमध्ये काउंटी निवडा आणि वहीच्या सुरुवातीचा किंवा वेगळा बांधलेला इंडेक्स पान उलटत वाचा. त्यात आडनावं पहिल्या अक्षराखाली एकत्र केलेली असतात, पण त्या अक्षरात क्रम बहुधा दाखल झाल्याचा असतो, वर्णानुक्रमाचा नाही. 'सी'ची सगळी पानं वाचावी लागतील. नावापुढे खंड आणि पान लिहिलेलं असतं. फक्त 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' अशी नोंद दिसली तर मृत्युपत्र नव्हतं असं समजा. पण तिथली जामीनपत्रं आणि सामानाच्या याद्या टिपणांना मृत्युपत्रापेक्षा जास्त खाद्य देतात. खुर्च्या, पुस्तकं, शिवणयंत्र, सगळं किमतीसकट.

प्रश्न : सासरे न्यू जर्सीत हयात आहेत. त्यांचं मृत्युपत्र नोंदलं आहे का, हे ऑनलाइन बघता येईल का? पेसरवर खातं काढलं आहे. (डोंबिवली)

उत्तर : नाही. हयात माणसाचं मृत्युपत्र सार्वजनिक नसतं. बघायचं तर त्यांनाच विचारा. आणि पेसर हे संघराज्याच्या, म्हणजे फेडरल कोर्टांचं दप्तर आहे. तिथे दिवाळखोरी सापडेल, प्रोबेट नाही. खात्याला कार्ड जोडलं असेल तर उगाच शोध मारू नका, रिकाम्या निकालाच्या पानालाही ते पैसे लावतं.