मे महिन्याच्या सुट्टीत मुलांबरोबर घरी शिवण, बेकिंग आणि बाटल्यांत भरून साठवण करायची आहे, सुरुवात कशाने करू?

तुमची मुलं ९ आणि १२ वर्षांची आहेत आणि तिन्ही कामं एकाच सुट्टीत बसवायची आहेत, असं तुम्ही लिहिलंय. माझं माहेर रत्नागिरीजवळ. दर मे महिन्यात भाचरं जमली की आम्ही तीन गोष्टी करतो: आमरसाच्या बाटल्या, नानकटाई आणि एक दुपटं. माझं सांगणं एवढंच की बाटल्यांचा दिवस आधी ठरवा. दुपटं पावसातही शिवता येतं, आंबा थांबत नाही.

हंगाम संपत आला की डागी, लहानमोठा आंबा आमच्याकडे कॅनिंगला घालतात, म्हणजे कारखान्याला किलोवर देतात. तोच आंबा घरच्या रसाला घ्या, पेटीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. सालीवर डाग चालेल, आत नासलेला नको. आंबे धुऊन पुसून माचवायचं, म्हणजे हाताने दाबून मऊ करायचं, काम मुलांचं. रस चाळणीतून गाळून घ्या, आणि किलोभर रसाला चहाचा एक सपाट चमचा, साधारण ५ ग्रॅम, सायट्रिक ॲसिड घाला. हे चवीसाठी नाही. हवाबंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि त्यांचे बीजाणू नुसत्या उकळीने मरत नाहीत. आंबटपणा पुरेसा असला, म्हणजे पीएच ४.६ च्या खाली राहिला, तर ते वाढत नाहीत. पिकलेला आंबा कधी कधी या रेषेच्या फार जवळ असतो, म्हणून हा चमचा कधीच चुकवू नका. याच कारणाने मटार किंवा मक्याचे दाणे घरी बाटलीत भरू नका, ते फ्रीजरमध्ये ठेवा.

रस जाड बुडाच्या पातेल्यात सतत ढवळत चांगला उकळू द्या. तो फटाफट उडतो आणि वाईट भाजतो, त्यामुळे या वेळी मुलं ओट्यापासून लांब. अर्धा लिटरच्या काचेच्या बरण्या आणि झाकणं आधी उकळून गरमच ठेवलेली असावीत. वर अर्धा इंच जागा सोडून गरम रस भरा, कड पुसा, झाकण लावा. मोठ्या पातेल्याच्या तळाशी जुनं फडकं घालून त्यावर बरण्या उभ्या करा. पाणी झाकणांच्या वर इंचभर हवं. उकळी आल्यापासून अर्धा तास. काढल्यावर थेट कडप्प्यावर ठेवू नका, गार दगडावर काच तडकते. लाकडी पाटावर ठेवा. दुसऱ्या दिवशी झाकणाचा मध्य आत ओढलेला दिसला पाहिजे. दाबल्यावर खालीवर होत असेल तर ती बरणी फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा.

एका वर्षी घाईत मी झाकणं न उकळता लावली. मिरगाच्या पावसात अकरापैकी पाच बरण्या फसफसल्या, सगळा रस ओतून द्यावा लागला. तेव्हापासून झाकणं मी स्वतः मोजून उकळते. फुगलेल्या बरणीतला रस चाखूनसुद्धा बघू नका.

नानकटाई सोपी आहे. पूर्वी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून गावच्या बेकरीत न्यायचो, बेकरीवाले मजुरी घेऊन भाजून द्यायचे. तुमच्या जवळ अशी बेकरी असेल तर मुलांना जरूर न्या, भट्टी बघण्यासारखी असते. घरी करायची तर पाव किलो घट्ट तूप आणि पाव किलो पिठीसाखर हाताने पांढरी, हलकी होईपर्यंत फेटा, मग अर्धा किलो मैदा, मूठभर बेसन, वेलची, जायफळ. ओव्हन १७० अंशांवर, पंधरा-वीस मिनिटं. गरम असताना ती मऊच लागते, गार झाली की खुसखुशीत होते. कच्ची राहिली म्हणून पुन्हा आत ढकलली की करपते.

दुपट्याला आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे तीन-चार थर घ्या, तीन फूट लांब-रुंद. नवं कापड घेऊ नका, धुऊन धुऊन मऊ झालेलंच बाळाच्या अंगाला चालतं. जमिनीवर ताणून पसरा, कच्चे टाके घाला, मग कडेने धावदोरा घालत आत आत जा. रोज दुपारी जेवणं झाल्यावर प्रत्येकाने एकच ओळ घालायची. १२ वर्षांच्या मुलाचे टाके बारीक येतील, ९ वर्षांच्याचे लांब आणि वाकडे. ते उसवून पुन्हा घालू नका. आमच्या घरी भाचीने सातव्या वर्षी घातलेली वाकडी ओळ अजून तशीच आहे, आणि तिच्या धाकट्या भावाला बाळपणी त्याच दुपट्यात गुंडाळून निजवलं.